आतली पट्टी

आमच्या मोठ्या जाऊबाईंना चर्चच्या मंडळीत सगळे ‘आमेनबाई’ म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. बुधवारच्या प्रार्थनासभेत खुर्च्या गोल मांडायच्या आणि एकेकाने पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची, अशी आमच्याकडची पद्धत. जाऊबाईंची पाळी आली की त्या म्हणतात, “आमेन.” झालं, पुढच्याने सुरू करायचं. कुणी हसू दाबतं, कुणी उगाच खाकरतं. एकदा नव्याने आलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, यांना जन्मापासूनच बोलता येत नाही का?

मी पडले फटकळ. माझ्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे मला या बाईची फार वर्षं चीडच यायची. देवाने तोंड दिलंय तर दोन शब्द बोलावेत की.

आणि त्याउलट आमचे हे. हे प्रार्थनेला उभे राहिले की बायका डोळे पुसतात आणि पुरुष नाक शिंकरतात. आवाज असा की मागच्या बाकावरचा बहिराही डोकं वर करील. लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या आईने यांची एक प्रार्थना ऐकली आणि पगार किती, घर कुणाचं, काही म्हणून विचारलं नाही. मलाही तेव्हा वाटलं, आपण नशीब काढलं.

यांची आई हे लहान असतानाच गेली. जाऊबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन घरात आलेल्या, स्वतःच पोरसवदा. नवी नवरी आरशापुढे बसायची सोडून दिराच्या डोक्यातल्या उवा काढत बसली. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं नाही, मोठे भावजीही अकाली गेले, पण ‘धाकट्या’ची शाळा, धाकट्याचे दात, धाकट्याची परीक्षा काही सुटली नाही. ह्यांना आता पोट सुटलंय, केस पिकलेत, तरी जाऊबाई चारचौघांत हाक मारतात ती ‘धाकट्या’ अशीच. दवाखान्यातली नोकरीसुद्धा त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिली. त्या सकाळच्या पाळीला, हे संध्याकाळच्या.

दवाखान्याच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला वाफेची खोली आहे. वापरलेले चिमटे, कात्र्या, सुया सगळं तिथे येतं. ते धुवायचं, पुसायचं, जाड कापडात गुंडाळून पॅक बांधायचा, वरून एक खास चिकटपट्टी लावायची आणि मोठ्या यंत्रात जंतू मरेपर्यंत वाफेवर ठेवायचं. त्या चिकटपट्टीवर फिक्या रेघा असतात. वाफ नीट बसली की त्या काळ्या होतात. वॉर्डातली नर्स काळ्या रेघा बघते आणि पॅक सोडते. आत अवजारांच्या मध्ये आणखी एक लहानशी पट्टी ठेवलेली असते, वाफ आतपर्यंत पोचली की नाही ते सांगायला. पण गर्दीच्या वेळी ती बघायला सवड कुणाला असते?

तर त्या सकाळी जाऊबाईंच्या हातून एक पॅक निसटून खाली पडला. पडलेला पॅक पुन्हा करावा लागतो, म्हणून त्यांनी तो सोडला. बाहेरच्या रेघा काळ्याकुट्ट आणि आतली पट्टी जशीच्या तशी फिकी. त्यांनी दुसरा सोडला, तोही तसाच. तिसऱ्याच्या चिकटपट्टीशेजारी कापडावर एक पिवळट डाग होता, टोकदार, इस्त्रीच्या नाकासारखा.

यंत्राच्या दाराचं रबर झिजलं होतं. वाफ बाहेर निसटायची, एकेका खेपेला दुप्पट वेळ लागायचा आणि वरून पॅकसाठी तगादा चालूच. कुणीतरी सोपा मार्ग काढला होता. गरम इस्त्री नुसत्या पट्टीवर फिरवायची. रेघा काळ्या, काम फत्ते.

संध्याकाळी त्या खोलीत एकच माणूस असतो. जाऊबाईंना दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच नव्हती.

त्यांनी कपाटातले होते नव्हते तेवढे पॅक बाहेर ओढले आणि एकामागून एक सोडून टेबलावर टाकले. उघडलेला पॅक कुणी वापरू शकत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळच्या शस्त्रक्रिया अडकल्या. डॉक्टर खाली आले, मोठ्या सिस्टर खाली आल्या.

“यंत्र बिघडलंय, ते आधी दुरुस्त करा,” जाऊबाई म्हणाल्या. “हे पॅक वाफेवर गेलेलेच नाहीत.”

“मग हे कुणी केलं?”

“सांगेन. त्याआधी मला एका माणसाशी बोलायचंय.”

मोठ्या सिस्टरना वाटलं बाई स्वतःचीच चूक झाकतेय. त्यांनी तिथल्या तिथे घरी बसायला सांगितलं, चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. यंत्राला कुलूप लागलं आणि अवजारं वाफेवर ठेवून आणायला दुसऱ्या दवाखान्यात जाऊ लागली.

हे सगळं मला मागाहून कळलं. त्या दिवशी माझ्या कानावर आलं ते इतकंच की जाऊबाईंचं डोकं फिरलं आणि त्यांनी पॅक फोडले. सांगणारे आमचे हेच.

दुपारी हे कामावर निघायच्या बेतात होते तेवढ्यात त्या आपल्या घरून आल्या. “धाकट्या, जरा बाहेर ये,” म्हणाल्या आणि दोघं गॅलरीत गेले. दार लोटलं. मी भांडी घासायची थांबवली, पण एक अक्षर ऐकू येईल तर शपथ. थोड्या वेळाने हे आत आले ते डोळे लाल करून. ताटाकडे न बघता चपला घातल्या. मी विचारलं तर म्हणाले, “वहिनी थकल्यात गं. त्यांच्यासाठी प्रार्थना कर.”

बुधवारी सभेत यांनीच ती प्रार्थना केली. आमच्या वहिनीच्या अशांत मनाला विसावा दे, तिच्या हातून रागाच्या भरात जे झालं त्याची क्षमा कर, असं बरंच काही. माझेही डोळे भरून आले. पुढची पाळी जाऊबाईंची. त्या नेहमीसारखं “आमेन” म्हणाल्या. मला वाटलं, काय दगड आहे ही बाई.

दोन दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या. मी शिवणयंत्रावर होते, गणवेशाच्या कॉलरांचा ढीग पुढ्यात. मी उठले नाही, पाणीही विचारलं नाही. त्या आपणहून स्टुलावर बसल्या.

“तुझी जुनी इस्त्री कुठंय?” त्यांनी विचारलं.

“हे घेऊन गेलेत कामावर. डगले चुरगळतात म्हणाले. का?”

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. मग त्यांनी सांगितलं, सावकाश, एकेक गोष्ट, मी वर लिहिली तशी. माझा पाय यंत्रावरून कधी निघाला मला कळलंही नाही. मी ऐकत होते आणि आतून म्हणत होते, खोटं असू दे, खोटं असू दे. आणि खोटं नाही हे मला इस्त्रीचं नाव निघालं तेव्हाच कळून चुकलं होतं.

“वरच्या वॉर्डात एक बाई आहे,” जाऊबाई म्हणाल्या. “बाळंतपणात टाके घातलेत. जखम भरत नाही, ताप उतरत नाही. बाळाला जवळ देत नाहीत. तिच्यासारख्या आणखी किती आपापल्या घरी पडल्या असतील, कोण जाणे. धाकट्याने हे कधीपासून केलं, कोणत्या दिवशी केलं, ते फक्त त्यालाच माहीत आहे. त्याने सांगितलं तर त्या सगळ्यांना बोलावून तपासता येईल.”

“मग जा की मोठ्या सिस्टरकडे. माझ्याकडे कशाला आलात?”

“मी त्याला एकट्याला सांगून बघितलं. तो ऐकत नाही. आता आणखी एकाला सोबत न्यायचं असतं. तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे सांगायचं.”

हे बायबलातलं कुठलं, ते मलाही ठाऊक होतं. भाऊ चुकला तर काय करायचं, ते प्रभूने पायरीपायरीने सांगून ठेवलंय. लहानपणापासून ऐकत आलोय. पण ते ऐकायचं असतं आणि मान डोलवायची असते. मला आठवतंय तशी ही पहिली बाई, जी ते खरंच करायला निघाली होती.

“आणि सोबतीला तुम्हाला मीच सापडले?” माझा आवाज चढला. “त्यांची बायको?”

“दुसऱ्याला नेलं तर त्याची लाज घराबाहेर जाईल. तू घरातली.”

“ताई, तुम्ही त्यांना अंगाखांद्यावर वाढवलंत. आता तुम्हीच त्यांचं वाटोळं करणार?”

“वाढवलंय म्हणूनच आले.”

“देवाला सगळं दिसतं. तो बघून घेईल. तुम्ही कशाला मध्ये पडता?”

जाऊबाईंनी एक कॉलर उचलली, उलटीसुलटी केली, परत ठेवली. “मला तुमच्यासारखी प्रार्थना येत नाही गं,” त्या म्हणाल्या. “सगळे बोलायला लागले की मला वाटतं, आपण काय बोलायचं, आपल्याला काय करायला सांगितलंय ते माहीतच आहे. मला तेवढंच येतं. तेही सोडलं तर माझ्याकडे दाखवायला काय आहे?”

मी त्यांना चालतं व्हायला सांगितलं. खरंच सांगितलं. त्या उठल्या, दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “उद्या त्याला सुट्टी आहे. जेवायच्या वेळेला येते.”

ती संपूर्ण संध्याकाळ मी एकही कॉलर शिवली नाही. पुढे काय होईल ते मला दिसत होतं. यांची नोकरी जाणार, कदाचित खटला होणार, बाजारात लोक माझ्याकडे बोट दाखवणार. मी स्वतःला समजावत होते की बाईमाणसाने नवऱ्याच्या बाजूला उभं राहायचं असतं. पण दर वेळी ती वॉर्डातली बाई डोळ्यांपुढे यायची, जी मी पाहिलेलीही नव्हती, आणि तिचं ते दुसऱ्याच्या हातातलं बाळ.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या. तिघांची पानं वाढली, कुणी घास घेतला नाही.

“धाकट्या, आज ही पण आहे,” जाऊबाई म्हणाल्या. “तिच्यासमोर विचारते. कधीपासून?”

यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात जोडले आणि डोळे मिटले. “आधी आपण प्रार्थना करू. हे दयाळू पित्या, या घरात आज जो संशय शिरलाय...”

आवाज तोच. गोड, भरलेला, जरा कापरा. माझ्या लग्नापासून जो आवाज ऐकून मला भरून यायचं, त्याने माझ्या अंगावर काटा आला. जाऊबाई डोळे उघडे ठेवून थांबल्या होत्या, पोर रडून मोकळं व्हायची वाट बघतात तशा.

“अहो,” मी म्हणाले, “देवाशी मागाहून बोला. ताईंनी काय विचारलंय?”

ते मध्येच थांबले. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. “तू पण?” म्हणाले. मग एकदम उसळले. “यंत्र चालत नव्हतं त्याला मी काय करू? वरून सारखे फोन, सारख्या शिव्या. साध्या टाक्यांचे पॅक होते ते, मोठ्या शस्त्रक्रियेचे मी सगळे नीटच केले. आणि मी रोज त्या माणसांसाठी प्रार्थना करत होतो. रोज. पॅकवर हात ठेवून.”

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. नवरा खोटं बोलत नव्हता. त्याने खरोखर हात ठेवून प्रार्थना केली असणार, आणि त्याला खरोखर वाटलं असणार की तेवढ्याने भागलं.

“सिस्टरना सांग,” जाऊबाई म्हणाल्या. “मी बरोबर येते.”

“तुम्ही गेलात तर मी नाही म्हणेन. पॅक तुम्ही फोडलेत, कामावरून तुम्हाला काढलंय. तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?” असं म्हणून हे उठले आणि पान तसंच टाकून बाहेर गेले. जाऊबाईंनी तिन्ही पानं उचलली, अन्न झाकून ठेवलं आणि टेबल पुसलं.

रविवारी उपासनेत साक्ष देण्याची वेळ आली. कुणाला काही सांगायचंय का, पाळकसाहेबांनी विचारलं, आणि मागच्या बाकावरून जाऊबाई उभ्या राहिल्या. अख्खी मंडळी खूश. लोक वळून वळून बघायला लागले, एका म्हातारीने तर कौतुकाने टाळी वाजवली. शेवटी आमेनबाई बोलणार. मला भुईने पोटात घ्यावं असं वाटलं.

“माझ्या दिराने वाफेवर न ठेवलेली अवजारं वॉर्डात जाऊ दिली,” त्या म्हणाल्या. “मी त्याला एकट्याला सांगितलं. मग त्याच्या बायकोला घेऊन सांगितलं. तो ऐकत नाही. आता तुम्ही सांगा.” आणि खाली बसल्या.

पाळकसाहेब चाचरत म्हणाले, बाई, हा घरगुती प्रश्न आहे, आपण नंतर बसून बोलू. मग कुजबुज सुरू झाली. चांगल्या माणसावर किटाळ आणलं. कामावरून काढलं त्याचा राग काढतेय. डोक्यावर परिणाम झालाय. दोन-तीन पुरुष उठून यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. हे मान खाली घालून बसले होते, छळ सोसणाऱ्या संतासारखे, आणि ते बघून माझं डोकं सणकलं.

“ताई म्हणतात ते खरं आहे,” मी म्हणाले. कधी उभी राहिले ते माझं मला आठवत नाही. “इस्त्री माझ्या घरातली आहे.”

आम्ही आपापल्या घरी गेलो ते तिघं तीन वाटांनी. हे खोलीत जाऊन बसले. संध्याकाळी मी दार ढकललं तर पलंगाच्या कडेवर होते, गुडघ्यांवर हात ठेवून. म्हणाले, “प्रार्थना करायला बसलो होतो. शब्दच येत नाहीत.” मी म्हटलं, “नका करू मग.” मला त्यांचा राग येत होता, तरी चहाचा कप पलंगाशी ठेवून आले.

सोमवारी सकाळी उठून हे न सांगता बाहेर पडले. मी मागोमाग गेले. दवाखान्याच्या दिशेने जातील असं वाटलं होतं, ते गेले जाऊबाईंच्या दाराशी. त्यांनी दार उघडलं. हे म्हणाले, “वहिनी, चला.” जाऊबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि यांचं मनगट धरलं. रस्ता ओलांडून होईपर्यंत सोडलं नाही. मी मागून चालत होते.

मोठ्या सिस्टरच्या खोलीत आम्ही तिघं टेबलासमोर बसलो. यांनी सगळं सांगितलं. एकेक दिवस आठवून सांगितला, कोणत्या वॉर्डात काय गेलं तेही. सिस्टर लिहीत होत्या. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मध्येच त्यांनी जाऊबाईंना झापलं, “तुम्हाला ठाऊक होतं आणि इतके दिवस तुम्ही थांबलात? तेवढ्यात कुणाचं काही बरंवाईट झालं असतं तर?”

“त्याचा जाब मला द्यावा लागेल,” जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी सबब सांगितली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्यासाठी काही सबब सुचली नाही.

मग सांगता सांगता वॉर्डातल्या त्या बाईला वापरलेल्या पॅकची गोष्ट आली. कोणत्या संध्याकाळचा, ते यांनी सांगितलं. सिस्टरनी मान वर केली. “संध्याकाळचे पॅक सकाळी कपाटातून काढून वॉर्डात कोण देतं? देताना एखादा सोडून बघायचा असतो. तो कुणी बघितला नाही?”

मी यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता. “आठवत नाही मला,” ते म्हणाले. “त्या दिवशी कोण होतं ते आठवत नाही. बदलीवरची कुणीतरी असेल.”

त्यांना चांगलं आठवत होतं. मलाही एका क्षणात कळलं. आठवडाभर स्वतःसाठी खोटं बोललेला माणूस आता पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी खोटं बोलत होता, आणि देवाशपथ, मला वाटलं, बोलू दे. एवढं एक खोटं राहू दे.

“मी होते,” जाऊबाई म्हणाल्या. “तो पॅक मी माझ्या हाताने दिला. सोडून बघायला हवा होता, बघितला नाही. धाकट्याचं काम होतं म्हणून बघितला नाही. लिहा.”

“वहिनी, नको,” हे म्हणाले, आणि टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागले. यांना रडताना मी शेकडो वेळा पाहिलंय, हे रडणं मी ओळखत नव्हते. जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. सिस्टरचं पेन थांबलं होतं, त्या लिहायला लागेपर्यंत जाऊबाई त्या पेनाकडे बघत राहिल्या.